हबानेरो मिरचीचं किट: माल चांगला, कागद वाईट

खोक्यात निघालं ते असं: हबानेरोच्या १० बिया, कोकोपीटच्या वड्या, २० लिटरची कापडी पिशवी, खताची पुडी आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. सगळा मनस्ताप त्या कागदाने दिला.

पाकिटावर ठळक अक्षरांत ‘९० दिवसांत पिकलेली मिरची’. मी बी टोचलं त्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा करायला लागले. पंधरा दिवस काहीच नाही. हबानेरोचं बी मुळातच आळशी, त्याला २५ ते ३० अंशांची ऊब लागते आणि तरी दोन-तीन आठवडे सहज जातात. शेवटी वड्या उचलून फ्रिजवर नेऊन ठेवल्या, तेव्हा अठराव्या दिवशी पहिला वाकडा कोंब दिसला. दहांतल्या सात उगवल्या, तक्रार नाही. पण ९० दिवस सरले तेव्हा झाडावर धड फुलंही नव्हती. आमचे हे रोज विचारायचे, ‘काय, आली का मिरची?’ मग कुठे कळलं, की मिरचीच्या पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा रोप मोठ्या जागी लावल्यापासून मोजतात. एवढं एक वाक्य छापायला काय झालं होतं?

पिशवी मात्र झकास. पाणी साचत नाही, मुळं कडेला पोचली की हवेने आपोआप छाटली जातात. फक्त कडक उन्हात संध्याकाळपर्यंत कोरडीठाक होते. दोन दिवस पाणी चुकलं, मग घाबरून भरपूर ओतलं, तर पुढच्या मिरच्यांच्या टोकांना काळपट डाग. पाण्याची अशी ओढाताण झाली की फळाला कॅल्शियम पुरत नाही. खताचंही तेच: ‘दर आठवड्याला घाला’ म्हणे. घातलं, आणि झाड नुसतं पानांनी माजलं. नत्र जास्त झालं. बंद केल्यावर फुलं आली.

पिकवण्याचा सल्ला तर कहर. ‘हिरवी मिरची केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा, चार दिवसांत पिकेल.’ मी चार तोडून ठेवल्या, त्यांतली एक देठाजवळ जरा पिवळट झालेली. केळं काळं पडलं, तीन मिरच्या हिरव्याच्या हिरव्या सुरकुतल्या. पिवळट होती तेवढी रंगली. रंग फिरायला लागलेली मिरची तोडल्यावर पुढे सरकते. कोवळी हिरवी टोमॅटोसारखी अढीत पिकत नाही.

बाकीच्या झाडावरच सोडल्या. महिनाभर ढिम्म. मग एका सकाळी एकीच्या खांद्यावर फिकट पोपटी डाग, दुसऱ्या दिवशी तो पिवळा, आणि पाचव्या दिवशी सगळी नारिंगी. फक्त चुण्यांच्या खाचांत हिरवी रेघ अडून राहिली होती, तीही दोन दिवसांत गेली.

कागदाची शेवटची कामगिरी: ‘तिखटपणा नको असल्यास बिया काढा.’ काढल्या. पण खरं तिखट असतं बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात, आणि तो मी बोटांनीच खरवडला होता. अर्ध्या तासाने डोळा चोळला. नुसत्या पाण्याने ते जात नाही. हात आधी तेलाने चोळून मग साबण लावायचा.

पुढच्या वेळी नुसती पिशवी मागवणार आहे. बिया माझ्याच झाडाच्या वाळत घातल्यात, हातमोजे घालून.