फ्लॅट ट्रॅकची एक दिवसाची शाळा : पैसे वसूल, तरी एक तारा कापला

फ्लॅट ट्रॅक म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची (ओव्हलवरची) मोटारसायकल शर्यत. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका काउंटी फेअरग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, ही शाळा भरते. गाडी, स्टील शू, छातीचं कवच आणि दुपारचं जेवण फीमध्येच. हेल्मेट आणि बूट आपले न्यायचे.

गाड्या 125 सीसीच्या. त्या बघून नाक मुरडणारे दोघं-तिघं आमच्या तुकडीत होतेच. पहिल्या वळणात त्यांची बोलती बंद झाली. कारण पुढचा ब्रेकच नाही. लिव्हरसुद्धा काढून टाकलेला. उजव्या हाताची बोटं सवयीने पुढे जातात आणि हवा पकडून परत येतात. खऱ्या शर्यतीतही ओव्हलवर असंच असतं, मागच्या एका ब्रेकवर सगळा कारभार.

स्टील शू म्हणजे डाव्या बुटाखाली पट्ट्याने आवळलेला लोखंडी तळवा. तो घालून चाललं की तबेल्यातून घोडा निघाल्यासारखा आवाज होतो. वळणात हा पाय मातीवरून नुसता सरकवायचा, त्याच्यावर भार टाकायचा नाही. भार उजव्या फूटपेगवर. कोपर वर, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि गाडी स्वतःच्या खाली आडवी ढकलायची; आपण मात्र ताठ. हे लिहायला सोपं आहे. शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले, डावा गुडघा वाकत नाही. ते काठीने मातीत रेघ ओढून दाखवायचे आणि मग तिथेच उभे राहायचे. ‘मागचं चाक सुटलं म्हणून घाबरून थ्रॉटल एकदम बंद केलास, तर चाक पुन्हा पकड घेईल आणि तुला वरून फेकून देईल.’ दुपारनंतर कधीतरी मागचं चाक बाहेर गेलं, थ्रॉटल तसाच धरून ठेवला गेला आणि गाडी आडवीच्या आडवी वळणातून निघाली. फीचे पैसे माझ्यापुरते तिथेच फिटले.

जेवणाच्या वेळचे किस्से मात्र फुकट, आणि मला विचाराल तर अर्धी मजा त्यातच. 1946 ते 1953 अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता स्प्रिंगफील्ड माइलच्या (मैलभर लांबीच्या ओव्हलवरच्या) एकाच शर्यतीत ठरायचा, 1954 पासून वर्षभराच्या गुणांवर ठरू लागला. 1975 ची इंडियानापोलिसची गोष्ट तर गुरुजींनी हातवारे करून सांगितली. हार्लेपुढे यामाहाची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, कमी पडत होती, म्हणून त्यांच्या रायडरला, केनी रॉबर्ट्सला, टीझेड 750 हे रोड रेसिंगचं चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली गाडी दिली. त्याने शेवटच्या लॅपमध्ये हार्लेवाल्यांना गाठून शर्यत मारली, आणि हे चालवायला मला पुरेसे पैसे मिळत नाहीत, असं वर म्हणाला. त्या गाडीवर पुढे बंदी आली. मग होंडाने 1984 ते 1987 सलग चार राष्ट्रीय किताब नेले. त्यानंतर स्कॉट पार्कर नऊ वेळा विजेता आणि ख्रिस कार सात वेळा. दोघंही हार्लेवर. आमचे गुरुजी पार्करच्या बाजूचे. ख्रिस कारचं नाव काढलं की त्यांच्या सँडविचचा वेग कमी व्हायचा.

या खेळाची ती जुनी रया का गेली, याचं उत्तर त्या मैदानावरच दिसतं. ग्रँडस्टँडच्या फळ्या काही ठिकाणी उखडलेल्या. हे ओव्हल मुळात घोड्यांसाठी बांधलेले, मोटारसायकल पाहुणी. कॅलिफोर्नियातलं ॲस्कट पार्क हे ट्रॅकचं मैदान 1990 मध्येच बंद झालं. सिगारेट कंपनीचा पैसा आटला, मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस या उड्यांच्या शर्यतींनी पोरं ओढून नेली. रॉबर्ट्स, लॉसन, रेनी मातीत घसरायला शिकले आणि त्या बळावर रोड रेसिंगच्या ग्रांप्रीत जगज्जेते झाले, पण त्यांच्या मागे गेलेले प्रेक्षक काही मातीकडे परतले नाहीत. 2017 मध्ये ‘इंडियन’ ही अमेरिकन मोटारसायकल कंपनी नव्या गाडीसह पूर्ण ताकदीने उतरली आणि जुनं हार्ले-इंडियन वैर पुन्हा पेटलं, तेव्हा थोडी जान आली.

आता तारा का कापला ते. सही करायचा कागद लांबलचक, पण धोक्यावरचं बोलणं पाच मिनिटांत उरकलं. माइलवर ट्विन गाड्या ताशी 200 किलोमीटरच्या वर जातात, हँडलला हँडल लावून, एकमेकांच्या मागची हवा वापरत. पुढचा पडला तर मागच्याला जागाच नसते. 2016 मध्ये सँटा रोझाच्या शर्यतीत एकाच दिवशी दोन तरुण रायडरांचा जीव गेला. 2018 मध्ये माजी विजेता ब्रॅड बेकर मिनियापोलिसला सरावात पडला आणि त्याचे पाय कायमचे लुळे पडले. रॉबर्ट्सची गोष्ट पंधरा मिनिटं रंगवणाऱ्या माणसाने यातलं एकही नाव घेतलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ‘तू जेवून घे.’ त्यांचं दुःख मी समजू शकतो. पण आमच्या तुकडीत सतरा-अठराची दोन मुलं होती, पुढच्या मोसमात शर्यतीत उतरायचं म्हणणारी. त्यांना हे इथेच कळायला हवं होतं. ट्रॅकच्या बाहेरच्या कुंपणाला हवेच्या गाद्या फक्त एका वळणावर होत्या, हेही नोंदवून ठेवतो.

शिकवणं अव्वल, गाड्या नीट ठेवलेल्या, जेवण यथातथा. शर्यत नुसती बघायची आवड असेल तरी एकदा जाच. नंतर माइल बघताना कोण कुठे थ्रॉटल सोडतोय ते कानाला कळायला लागतं. स्टील शू बहुतेक मोठ्या मापाचेच आहेत, पाय लहान असेल तर आधी फोन करून विचारा. गुडघ्याची कवचं मागूनही मिळत नाहीत, स्वतःची न्या.

पाचपैकी चार.