‘अपग्रेड केलेली’ मिनी लेथ: रबाळ्याच्या गाळ्यात माझी झालेली फसवणूक

लेथ म्हणजे धातूचा दांडा फिरवत कातायचं यंत्र. जुनी लेथ जुनी म्हणून विकली तर माझं काहीच म्हणणं नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मला मशीन विकलं ते ‘अपग्रेड केलेलं’ म्हणून. त्या अपग्रेडचे अठरा हजार वेगळे लावले, आणि मशीन उघडल्यावर कळलं की त्यातलं एकही काम झालेलं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात घरच्या वर्कशॉपसाठी छोटी लेथ शोधणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी दुर्बिणी बनवते. आरसा हाताने घासता येतो, पण फोकसर (प्रतिमा स्पष्ट करायला पुढे-मागे सरकणारा भाग), आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नळ्या, कॅमेऱ्याचे अडॅप्टर यांना लेथ लागतेच. वर्तकनगरला आमची तळमजल्यावरची बाल्कनी बंद करून घेतली आहे, तिथे सात बाय चौदा इंची मिनी लेथ व्यवस्थित बसते. म्हणजे १८० मिमी स्विंग (जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचा जॉब फिरतो), दोन सेंटरमध्ये (दोन टोकांच्या आधारांमध्ये) साधारण ३५० मिमी, आणि वजन चाळीसेक किलो, त्यामुळे दोघं मिळून उचलता येते. राजकोट-बटाल्याची बीडाची मोठी लेथ या जागेत येणं शक्यच नव्हतं.

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात अशी लेथ असल्याचं कळलं. विक्रेत्याने चार गोष्टी सांगितल्या: स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला) टेपर रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरचे) टाकले आहेत, बेडला (ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या पायाला) पाणी दिलेलं आहे, म्हणजे तो तापवून कडक केला आहे, लीडस्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) मेट्रिक आहे आणि मोटर एक एचपीची आहे. किंमत ७४ हजार. चारही गोष्टी मी त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्या आणि मगच बघायला गेले. त्याने बेअरिंगच्या दुकानाचं बिलही दाखवलं, ३०२०६ (टेपर रोलरचा नंबर), दोन नग. बिल खरं होतं. ते बेअरिंग कुठल्या मशीनमध्ये गेले ते त्यालाच ठाऊक.

मग त्याने जो प्रयोग करून दाखवला, तो नीट समजून घ्या, कारण तोच तुमच्यापुढेही होईल. “ताई, तुमच्यासमोर डायल लावतो,” म्हणाला. चकमध्ये (दांडा पकडणाऱ्या जबड्यांत) ॲल्युमिनियमचा दांडा धरला, दोन-तीन कट मारले, पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत. मग त्याच दांड्यावर डायल गेज (शतांश मिलिमीटरचा फरक काट्यावर दाखवणारं उपकरण) टेकवून हाताने चक फिरवला. काटा जागचा हलला नाही. “बघा, झिरो रनआउट.” म्हणजे फिरताना जराही डगमग नाही.

आता यात काय आहे? दांडा ज्या स्पिंडलवर, ज्या पकडीत कातला, त्याच पकडीत तो मोजला तर चक कितीही वाकडा धरत असला तरी काटा हलणार नाही. टूलने तो दांडा स्पिंडलच्या अक्षाभोवतीच गोल केलेला असतो. चकची पकड तपासायची तर आधीच ग्राइंड केलेला गोल दांडा किंवा डॉवेल पिन धरून त्यावर डायल लावायचा, कट न मारता. स्पिंडल तपासायचा तर चक उतरवून स्पिंडलच्या आतल्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) डायलची टोकणी टेकवायची. आणि बेअरिंग तपासायचे तर चकखाली लाकडी दांडका घालून हलकेच वर उचलायचं आणि काटा किती सरकतो ते बघायचं. ही तिसरी तपासणी विक्रेते करू देत नाहीत. मी मागितली तेव्हा “नवीन बेअरिंग आहेत, सेटिंग बिघडेल” असं उत्तर मिळालं. नीट बसवलेल्या टेपर रोलरची सेटिंग हाताने उचलून बिघडत नाही. स्टीलचा दांडा कातून दाखवा म्हटलं, तर त्याचं टूल धारेला गेलेलं होतं.

लेथ घरी आली. पहिलं काम कॅमेऱ्याच्या अडॅप्टरचं घेतलं, त्याचे आटे एम ४२ बाय ०.७५ असतात, म्हणजे व्यास ४२ मिमी आणि पिच (दोन आट्यांतलं अंतर) ०.७५ मिमी. मशीनवर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे गिअर लावले, आटे पाडले. रिंग दोन-तीन फेरे फिरली आणि अडकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

शेजारी नाना आहेत, वागळे इस्टेटमध्ये अख्खी नोकरी टर्नर म्हणून केलेले. ते आले, मशीनला हातही न लावता म्हणाले, “अगं, आधी लीडस्क्रू मोज.” व्हर्निअर लावला. दीड मिलिमीटर पिचच्या स्क्रूला दहा आट्यांत १५ मिमी भरायला हवं. भरलं १५.८७. म्हणजे स्क्रू इंचाचा, इंचाला सोळा आटे. वर चिकटवलेला तक्ता तेवढा मेट्रिक मशीनचा. त्या तक्त्याने ०.७५ च्या जागी ०.७९ चा पिच पडत होता, तर रिंग बसणार कशी?

मग नानांनी चक उतरवला, स्पिंडलच्या तोंडावरच्या झाकणाचे स्क्रू सोडले. आत सील असलेलं साधं बॉल बेअरिंग, कडेवर ६२०६ असा आकडा. टेपर रोलरला असं सील नसतं, तिथे ग्रीस लावलेले रोलर दिसायला हवे होते. शिवाय ३०२०६ ची रुंदी १७.२५ मिमी असते आणि ६२०६ ची १६, म्हणून टेपर रोलर बसवताना स्पेसर (मधलं अंतर राखणारी कडी) कमी करावा लागतो. इथे स्पेसरला कुणी हातही लावलेला नव्हता. दांडक्याने उचलल्यावर काटा सहा शतांश मिलिमीटर सरकला.

बेडचं तर मला फार वाईट वाटलं. गाळ्यात तो जाड ग्रीसने माखलेला होता, पावसाळा आहे, गंज चढू नये म्हणून, असं सांगितलं होतं. ग्रीस पुसल्यावर नानांनी कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणलं, खालच्या पट्ट्या तिथे बेताच्या आवळल्या आणि कॅरेज टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाकडे) सरकवायला सांगितलं. अर्ध्यावर जाऊन ते रुतलं. चकजवळचा बेड वर्षानुवर्षं एकच छोटा जॉब करून झिजलेला, टेलस्टॉककडचा भाग तसाच जाड. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही, एक पाना पुरतो. ‘पाणी दिलेला’ म्हणून सांगितलेल्या बेडच्या शेवटच्या टोकाला, जिथे कॅरेज पोचत नाही, तिथे धारदार कानस फिरवली. पाणी दिलेलं असतं तर कानस घसरली असती. इथे ती सरळ धातू खात गेली. मोटरवरचं ७५० वॅटचं, म्हणजे एक एचपीचं, लेबल नखाने निघालं, खाली ३५० ची पाटी.

फोन केला तर उत्तर आलं, “बिलावर लिहिलंय ना, जसं आहे तसं.” पण व्हॉट्सॲपवर चार दावे त्याच्याच शब्दांत आहेत. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. बिल करताना तो मागे लागला होता की ओळखीच्या कुठल्या तरी फर्मच्या नावावर घ्या, जीएसटीचा फायदा होईल. मी माझ्याच नावावर घेतलं. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पण दुसऱ्याच्या फर्मचं बिल हातात असेल तर घरगुती वापर सिद्ध करता करता दमछाक होईल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला आणि मोटर बदलून देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझे कागद तयार आहेत.

अपग्रेडविषयी माझं मत आता पक्कं आहे: दुसऱ्याने केलेल्या, झाकणाआडच्या अपग्रेडला एक रुपयाही जास्त देऊ नका. मशीन मूळ स्थितीतलं घ्या आणि सुधारणा आपल्या हाताने करा. ॲल्युमिनियमच्या कामाला चांगल्या स्थितीतले मूळ बॉल बेअरिंग पुरतात. आधी क्विक चेंज टूलपोस्ट (टूल झटकन बदलता येणारी पकड) आणि कॅरेज लॉक (कॅरेज जागेवर घट्ट करायची सोय) करा, मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला टूलपोस्ट हातात घेऊन, हलवून बघता येतो. बेअरिंग बदलायचेच असतील तर ७२०६ अँग्युलर कॉन्टॅक्ट (तिरका भार पेलणाऱ्या) बेअरिंगचा विचार करा. त्यांची रुंदी १६ मिमीच असते, स्पेसर कापावा लागत नाही.

ठाणे, ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला कुणी लेथ बघायला जाणार असेल तर माझं डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि ग्राइंड केलेला दांडा न्या. रविवारी असेल तर नानाही सोबत यायला तयार आहेत.