जमिनीतली तार की आकाशातला उपग्रह?

ड्रायव्हरविना ट्रॅक्टर ही कालची कल्पना नव्हे. 1950च्या दशकातच इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात असा ट्रॅक्टर चालवून पाहिला होता. युक्ती साधी: जमिनीत तार पुरायची, तिच्यातून बदलती वीज सोडायची आणि ट्रॅक्टरला पुढे तारेचा सिग्नल पकडणाऱ्या दोन कॉइल बसवायच्या. एका कॉइलला सिग्नल जास्त मिळाला की गाडी तारेवरून बाजूला सरकली असं समजायचं, मग स्टिअरिंग आपोआप वळणार. त्याच सुमारास अमेरिकेत गोदामात माल वाहणाऱ्या गाड्याही तारेच्या मागे धावू लागल्या.

आता हे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आणून बघा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. तार टिकणार किती? शिवाय खोल नांगरट केली की फाळालाच अडकायची! आणि यंदा ज्वारी, पुढं ऊस म्हटलं की सऱ्यांचं अंतर बदललं, तार तिथंच.

उपग्रहाला याचं सोयरसुतक नाही. स्टॅनफर्डच्या चमूने 1990च्या दशकात जीपीएसवर ट्रॅक्टर चालवला, चूक जेमतेम काही सेंटिमीटर. साध्या मोबाईलचं जीपीएस मात्र काही मीटर चुकतं, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या बांधावर. अचूकतेसाठी ही चूक दुरुस्त करणारा वेगळा सिग्नल लागतो आणि पैसा तिथंच जातो. दोन एकराला एवढा खर्च कशाला?

ऊसवाल्यांनी भाड्याने उपग्रहवाला ट्रॅक्टर घ्यावा. तार मात्र मी चादरीच्या कारखान्यात, माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी घालीन: फरशी पक्की, वाट ठरलेली.