वर्किंग ग्रुप की रिसर्च ग्रुप? अध्यक्षपदाची विचारणा झाली तर

विचारणा बहुधा चहा-कॉफीच्या रांगेत होते. "चेअर होशील का?" एवढंच. कोणती खुर्ची, हा प्रश्न आपल्याला हॉटेलवर परतल्यावर सुचतो.

इंटरनेटची तांत्रिक प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या एका वर्किंग ग्रुपचा मी सहअध्यक्ष होतो, नंतर तिच्या संशोधन करणाऱ्या भावंडाच्या, म्हणजे आयआरटीएफच्या, एका रिसर्च ग्रुपचा झालो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. वर्षातून तीनदा, एकाच आठवड्यात, एकाच इमारतीत बैठका. मानधन दोन्हीकडे शून्य. पुण्यातून हजेरी लावायची तर झोपेचं खोबरंही सारखंच: नोव्हेंबरात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारी १ वाजता बैठक असली की आपल्याकडे रात्रीचे अडीच.

वर्किंग ग्रुपचं मोठं आकर्षण म्हणजे तिथलं काम थेट उपकरणांत उतरतं. चार्टरमध्ये, म्हणजे गटाच्या कार्यपत्रात, कामं नेमून दिलेली, शेवटी आयईएसजीची, म्हणजे आयईटीएफच्या मंजुरी देणाऱ्या मंडळाची, मोहोर. कंपनी याच कामासाठी वेळ देत असेल तर पुढचं न वाचता तिकडे जावं.

मी मात्र उठलो, आणि कारण जरा हास्यास्पद वाटेल: शांतता. "मसुदा तयार आहे, दोन आठवड्यांत मत कळवा," असं मी मेलिंग लिस्टवर लिहायचो. तेरा दिवस चिडीचूप. चौदाव्या संध्याकाळी एकजण "ठीक वाटतं" म्हणायचा आणि दुसरा अकरा मुद्द्यांचं पत्र धाडायचा. आता सर्वसाधारण सहमती झाली की नाही, हे ठरवायचं अध्यक्षाने. मौनाला संमती धरवत नाही. मग एकेकाला खासगीत "वाचलंत का हो?" असं विचारत फिरायचं, लग्नाला किती जण येणार हे विचारणाऱ्या वधूपित्यासारखं. यात दोष कुणाचा नाही, सगळे नोकरी सांभाळून येतात. पण स्वतःचं मतही गिळायचं, नाहीतर "अध्यक्षाची टोपी काढून बोलतो" म्हणायचं. टोपी काढली तरी डोकं तेच, हे समोरच्याला कळतंच.

रिसर्च ग्रुपमध्ये ही कटकट निम्म्याने उतरली. आयआरटीएफ प्रमाणं ठरवत नाही. तिचे आरएफसी, म्हणजे क्रमांक देऊन प्रसिद्ध केलेले दस्तऐवज, माहितीपर किंवा प्रायोगिक असतात. त्यामुळे एकमत झालंच पाहिजे असं नाही, मतभेद मसुद्यातच नोंदवता येतात. आमच्याकडे दोन तट होते. दोघांचेही मसुदे चालू ठेवले, कुणी रुसलं नाही. मसुदा आयआरएसजी या आयआरटीएफच्या सुकाणू मंडळाच्या नजरेखालून जातो. आयईएसजी फक्त आपल्या कामाशी टक्कर होते का, तेवढं पाहते. तुम्हाला नेमतो आयआरटीएफचा अध्यक्ष, आणि त्याला नेमतं आयएबी हे इंटरनेटच्या रचनेकडे पाहणारं मंडळ, दोन वर्षांसाठी. आयआरटीएफच्या अध्यक्षपदाची नीट ओळख करून घ्यायची तर लार्स एगर्ट यांनी ते पद सांभाळत असतानाच लिहिलेला २०१६ चा आरएफसी ७८२७ वाचावा. छोटा आहे.

संशोधनातून हाती काय लागतं, असं विचारणारे भेटतील. त्यांना सीएफआरजी हा कूटलेखनावरचा रिसर्च ग्रुप दाखवा. कर्व्ह२५५१९ या कूटलेखनातल्या वक्राचा आरएफसी ७७४८ या रिसर्च ग्रुपने २०१६ मध्ये काढला, आणि वेबवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं २०१८ चं टीएलएस १.३ तो वक्र वापरतं. अर्थात, दरवेळी असं दोन वर्षांत जमत नाही. अंतराळातल्यासारख्या तुटक जोडण्यांसाठीचा बंडल प्रोटोकॉल रिसर्च ग्रुपकडून २००७ मध्ये प्रायोगिक म्हणून आला. आयईटीएफमधून प्रमाणाच्या वाटेवरचा आरएफसी ९१७१ निघायला २०२२ उजाडलं. एवढा धीर नसेल तर ही खुर्ची टोचेल.

टोचणारं आणखीही आहे. परिषदेचे निबंध पाठवायची मुदत आली की प्राध्यापक गायब. मसुद्याचा मुख्य लेखक विद्यार्थी, तो पदवी घेऊन नोकरीला लागतो, आणि सहा महिन्यांत मसुद्याची मुदत संपते. चार्टरमधली तारीख दाखवून हाकायची सोय इथे फारशी नाही. मला ते चाललं. तुम्हाला कदाचित नाही चालणार.

मागे एकदा पुन्हा वर्किंग ग्रुपची विचारणा झाली. उत्तराला दोन आठवड्यांची मुदत होती. "नको" असं मी चौदाव्या संध्याकाळी कळवलं.