बिलावर ओ-रिंग चेन, गाडीवर साधी: डर्ट बाइकच्या चेनबाबत झालेली फसवणूक

पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळू लागले म्हणून मी माझी डर्ट बाइक एका गॅरेजमध्ये दिली होती. जॉबकार्डवर चेनचा उल्लेखही नव्हता. गाडी परत मिळाली तेव्हा मात्र बिलात नवी ५२० ओ-रिंग चेन (५२० हा चेनच्या आकाराचा क्रमांक, ओ-रिंग म्हणजे प्लेटमध्ये रबरी रिंगा असलेली), पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चक्र), मागचे स्प्रॉकेट आणि ‘चेन क्लीनिंग व ल्यूब’ अशा चार नोंदी वाढल्या होत्या. नव्याकोऱ्या चेनवर क्लीनिंगचे पैसे कशाबद्दल, हा प्रश्न तिथेच पडावा अशी ही नोंद होती. पण खरी लबाडी तिच्या वरच्या ओळींत होती.

मला न विचारता चेन कापल्यावर गॅरेजने पुरावा म्हणून एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात कारागीर मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटांनी मागे ओढतो आणि दात्याचा निम्म्याहून जास्त भाग उघडा पडतो. ‘चेन संपली होती, चालवणे धोक्याचे होते,’ असा निरोप सोबत होता. ही चाचणी मुळात खोटी नाही. चेनचा ताण नेहमीसारखा ठेवून स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला ती ओढावी आणि अर्ध्याहून अधिक दाता दिसला तर झीज झाली असे समजावे, ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. परंतु व्हिडिओ थांबवून पाहिला असता एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सोडलेला, वॉशर तिरका लोंबकळणारा आणि चाक चेनचा ताण ठरवणाऱ्या ॲडजस्टरच्या बोल्टपासून बोटभर पुढे सरकवलेले स्पष्ट दिसत होते. चाक पुढे ढकलले की चेनला भरपूर ढील मिळते, आणि मग कालच बसवलेली चेनसुद्धा दात्यांवरून उचलून दाखवता येते.

शिवाय चेन झिजली की लांबते, आणि जुन्या चेनचे माप माझ्या वहीत होते. ५२० चेनचा पिच (लगतच्या दोन पिनच्या मध्यांमधले अंतर) १५.८७५ मिलिमीटर असतो, म्हणजे २० पिचचे अंतर ३१७.५ मिलिमीटर भरते. चेन ताणून धरून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत हे अंतर मोजायचे असते. विसाव्या पिनवर थांबल्यास एक पिच कमी येतो आणि सगळाच हिशेब चुकतो. माझ्या चेनचे माप ३१९ मिलिमीटर होते. म्हणजे वाढ जेमतेम अर्धा टक्का होती आणि गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादा अजून लांब होती. ती चेन परत मागितली तेव्हा ‘भंगारात गेली’ असे उत्तर मिळाले. काढलेला भाग गिऱ्हाइकाला न देण्यामागे गॅरेजची सोय कोणती असते, हे त्या उत्तरावरून उमगले.

नवी चेन हाती आली तेव्हा तिच्यावर काळ्या, चिकट वंगणाचा थर इतका जाड होता की आतल्या आणि बाहेरच्या प्लेटमधली फट दिसतच नव्हती. हा थर निष्काळजीपणाने लागलेला नव्हता, असे माझे मत आहे. पहिल्याच चिखलातल्या फेरीनंतर मी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने एकेक कडी पुसायला घेतली, तेव्हा ती फट मोकळी झाली आणि तिच्यात रबर कुठेच नव्हते. ओ-रिंग चेनमध्ये प्रत्येक पिनच्या दोन्ही बाजूंना, आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या मध्ये, रबराची बारीक रिंग दाबून बसवलेली असते आणि ती बाहेरून डोळ्यांना दिसते. इथे कागदाची कड फटीत सरकवली तर ती सरळ पिनला जाऊन टेकली. चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोके जोडणारी कडी, उघडून पाहिले. ओ-रिंग चेनच्या लॉकला चार सुट्या रिंगा असतात, त्यांपैकी एकही नव्हती.

साधी चेन वाईट असते असे नाही. ती हलकी असते, तिचे घर्षण कमी असते आणि मोटोक्रॉसमध्ये अनेक जण ती मुद्दाम वापरतात. फरक निगेत आहे. ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. रिंगा ते आत धरून ठेवतात आणि चिखल बाहेर अडवतात, त्यामुळे बाहेरची सफाई व हलके वंगण पुरते. साध्या चेनमध्ये वंगण आपल्यालाच पिनपर्यंत पोहोचवावे लागते, आणि तेही चिखलातल्या प्रत्येक फेरीनंतर. गॅरेजने मला ‘फक्त बाहेरून पुसत जा’ असे बजावले होते. किंमत ओ-रिंग चेनची घेतली, निगाही ओ-रिंग चेनची सांगितली आणि बसवली साधी. तो सल्ला पाळला असता तर चेन कोरडी पडून लवकरच झिजली असती आणि तो दोष माझ्या वापरावर ढकलता आला असता.

आणखी एक गोष्ट अशी की मागचे चाक अधांतरी ठेवून चेन तारेसारखी ताणलेली होती. डर्ट बाइकचे मागचे सस्पेन्शन खूप खाली-वर होते, आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, खाली-वर होणाऱ्या दांड्याचा) पिव्हट व मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते. त्यासाठी लागणारी ढील स्टँडवर उभ्या गाडीत जास्त वाटते, पण ती हवीच असते. ती काढून घेतल्यास उडीनंतर टेकताना गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जोर येतो. ‘किती सैल आहे बघा’ असे म्हणून कुणी चेन हलवून दाखवली, तर पुस्तिकेतील माप आणि ते कुठे मोजायचे ती जागा काढून तिथेच पट्टी लावावी.

विचारणा केल्यावर आधी ‘रिंगा आतल्या बाजूला असतात, दिसत नाहीत’ असे सांगितले गेले, मग एका नामांकित चेनचा रिकामा खोका पुढे करण्यात आला. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि प्लेटवर ठोकलेला शिक्का जुळत नव्हता. बिल, व्हिडिओ आणि पुसलेल्या कड्यांचे फोटो जोडून लेखी तक्रार दिल्यावर ओ-रिंग आणि साध्या चेनच्या किमतीतला फरक परत मिळाला.

मागचे स्प्रॉकेट खरोखर नवे होते. पुढचे मात्र कव्हर काढून पाहिले तेव्हा जुनेच निघाले: वरून ताजा काळा रंग आणि रंगाखाली दात्यांच्या एकाच बाजूला बोटाला लागणारी घासलेली कड. गाडी ताब्यात घेताना ते कव्हर गॅरेजवाल्यांकडूनच उघडवून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. माझ्या तक्रारीच्या त्या भागाला लेखी उत्तर असे आले की कव्हर मालकाने स्वतः उघडले असल्यामुळे आत कोणते स्प्रॉकेट होते याची जबाबदारी गॅरेज घेऊ शकत नाही.