ओपन रेल्स: वाफेच्या इंजिनाची चाके घसरतात तेव्हा

नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभे असलेले वाफेचे इंजिन पाहून, त्याची चाके गुळगुळीत रुळांवर पकड कशी घेत असतील, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी ओपन रेल्स हे संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याचा अनुभव देणारे विनामूल्य सिम्युलेटर अवश्य वापरून पाहावे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक (दट्ट्याची पुढे-मागे हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलणारे भाग) एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात ओढ चार वेळा चढते व उतरते. सरासरी ओढ पकडीच्या मर्यादेत असली, तरी ओढ चढलेल्या एखाद्या क्षणी ती मर्यादा ओलांडते आणि चाके जागीच गरगरू लागतात. हा बारकावा येथे गणितात धरलेला आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पावसाळी हवामान निवडून घाटात जड मालगाडी सुरू करताना रेग्युलेटर (सिलिंडरांत वाफ सोडणारी झडप) अगदी हळूहळू उघडावा लागतो. घसरण जाणवताच तो मिटवून, पकड वाढवण्यासाठी रुळांवर वाळू सोडून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. मी उतरवून घेतलेल्या एका इंजिनाच्या फाइलीत चालक चाकांवरील (म्हणजे इंजिनाची ओढ रुळांवर पोचवणाऱ्या चाकांवरील) भार कमी नोंदलेला होता, त्यामुळे ते कोरड्या रुळांवरही घसरत राहिले. असे आढळल्यास प्रथम तो आकडा तपासावा.