मागचं चाक बांधून घेतलं, त्याला आठ महिने झाले

हायब्रिड सायकल, ७००सी चाकं, रिमवर घासणारे व्ही-ब्रेक. धायरी ते शिवाजीनगर जाऊन-येऊन रोज साधारण २४ किलोमीटर. कॅरिअरवर लॅपटॉप नि डबा, आणि माझं वजन ८८ किलो. (लपवून काय उपयोग, चाकाला कळतंच.)

पाचव्या वर्षी मागच्या चाकाची एक तार तुटली. बसवून घेतली. तीन आठवड्यांत दुसरी गेली, मग तिसरी. सगळ्या फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूच्या, आणि चाकाच्या मधल्या हबपाशी तार वाकते तिथेच तुटलेल्या. दर वेळी फ्रीव्हील काढा, तार ओवा, आऊट (चाकाची डगमग) काढा, वर ऑफिसला रिक्षा. दुसरी तुटली तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. एक गेली की तिचा भार शेजारणींवर पडतो, आणि त्याही तेवढ्याच दमलेल्या असतात.

मोठ्या दुकानातल्या मुलाने चाक हातातही न घेता सांगितलं, "सर, नवीनच टाका." २,६०० रुपये. पेठेतल्या एका जुन्या कारागिराने मात्र स्टीलची फूटपट्टी काढली आणि रिमला ब्रेक घासतो त्या कडेवर उभी टेकवली. पट्टीखालून उजेड दिसला. पावसाळ्यातली वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि ॲल्युमिनियम खरवडत राहते. कड झिजून खोलगट झाली होती. मग हब उघडला. छर्रे ज्यांच्यावर फिरतात ते कोन, कटोऱ्या गुळगुळीत. "हब ठेवा, बाकी सगळं काढू," म्हणाले.

बिल असं: डबल वॉल रिम १,१५०, स्टेनलेसच्या ३२ तारा निपलसकट (तार ताणायचे छोटे नट) ७०४, छर्रे-ग्रीस ९०, मजुरी ६००. बेरीज करा, २,५४४! म्हणजे पैसे वाचवायला हे करत असाल तर करू नका. शिवाय सहा दिवस सायकल नाही. शेवटी बदललेल्या दोन तारा तरी परत वापरा म्हटलं, नव्याच होत्या; पण नव्या रिमला त्या लांब पडत होत्या. आटे संपले की निपल फिरूनही तार ताणली जात नाही.

चाक बांधताना तासभर बसलो होतो. ते तारा नखाने छेडत होते. उजवीकडच्या चढ्या वाजायच्या, डावीकडच्या उतरत्या. फ्रीव्हीलला जागा द्यायला हब एका अंगाला असतो, म्हणून ताण सारखा येत नाही. पण एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात हव्यात. एक बेसूर वाजली की निपलला पाव फेरा. मग जोडी-जोडीने तारा मुठीत धरून करकचून दाबल्या, कुरकुर आवाज आला, पुन्हा सगळ्या सुरात आणल्या. यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकाचे इतके लाड कोण करणार?

दोन आठवड्यांनी थोडा आऊट आला, त्यांनी फुकट काढून दिला. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि दोनदा सिंहगड. एकही तार तुटलेली नाही.

पुढचं चाक मात्र मी सरळ तयार घेतलं. त्या हबच्या कटोरीतच खड्डे होते. कोन बदलता येतो, दाबून बसवलेली कटोरी कोण उपसत बसणार? १,४०० रुपये, एकदा आऊट काढून घेतला, ठीक चाललंय. पुढे वजनही कमी पडतं.

आता पावसातून आलो की फडक्याने रिम पुसतो, रबरातले खडे सेफ्टी पिनने काढतो. नव्या रिमच्या कडेवर झीज कळायला एक बारीक खाच आहे. ती बुजली की रिम संपली. आज सकाळी बघितलं, अजून नख अडकतंय.